बंद कोणी करायचं?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पॉलिटेक्निकच्या मायक्रोकंट्रोलर लॅबमध्ये जा. ८०५१ च्या किटवर एक चपटी चंदेरी डबी दिसेल आणि तिच्यावर ११.०५९२ हा आकडा असेल. सरळ बारा का नाही, असं दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतो आणि 'सिरियलसाठी असतं ते' एवढ्यावर त्याची बोळवण होते. गणित खरं तर एका ओळीचं आहे. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने भागलं की ९,२१,६०० येतात, त्याला ३२ ने भागलं की २८,८००, आणि त्याला ३ ने भागलं की नेमके ९,६००. तिथे १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर याच भागाकारातून १०,४१६ निघतात. चूक साडेआठ टक्क्यांची. सिरियलची एक फ्रेम दहा बिटांची, त्यामुळे दोन्ही टोकांच्या वेगात पाचेक टक्क्यांहून जास्त फरक पडला की शेवटचा बिट शेजारच्याच्या घरात जाऊन बसतो आणि पडद्यावर कचरा दिसू लागतो.

त्या लॅबमध्ये क्लॉक ही एक वस्तू असते. दुकानातून आणायची, सोल्डर करायची, विसरून जायचं. तिला बंद करणारं कोणी नाही, तिच्यात वाटेकरीही नाहीत. हे पुस्तक त्या डबीपासून फार दूर गेलेल्या जगाबद्दल आहे. आजच्या फोनमधल्या, गाडीच्या डॅशबोर्डमधल्या किंवा सेट-टॉप बॉक्समधल्या चिपवर एक-दोन क्रिस्टलांपासून निघालेली शेकडो क्लॉक असतात. ती वाढतात, भागली जातात, एकीकडून दुसरीकडे वळवली जातात, सेकंदात अनेकदा चालू-बंद होतात. आणि हे सगळं कोणाच्या तरी आज्ञेवरून होतं. ती आज्ञा बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधला एखादा ड्रायव्हर देतो. ती द्यायची कशी, हा या पुस्तकाचा विषय.

निदान सुरुवातीला मला तरी तसं वाटत होतं. पुस्तक अर्ध्यावर आलं तेव्हा कळलं, की क्लॉक चालू करण्यात फारसं काही नाही. एका रजिस्टरमधला एक बिट एक करायचा. अवघड प्रश्न पुढचाच आहे: ते बंद कोणी करायचं, आणि कोणाला विचारून?

माझ्या मामांचं शेत प्रवरेच्या कालव्यावर. धरणातून पाणी सुटलं की मुख्य कालव्यातून ते वितरिकेत येतं, वितरिकेतून चारीत, चारीतून शेतात. प्रत्येक फाट्यावर दार. दार उघडायला कोणीही तयार असतो, बंद करण्यावरून मात्र भांडणं होतात. एकाने आपलं भरणं झालं म्हणून चारीचं दार पाडलं आणि खालच्या तिघांचे वाफे कोरडे राहिले, ही गोष्ट लहानपणी मी अनेकदा ऐकली आहे. वर कोणी दार जास्त उघडलं तर खाली टेलला पाणी पोहोचत नाही, हीदेखील. चिपमधली क्लॉकची रचना याहून वेगळी नाही. तिला वृक्ष म्हणतात खरं, पण मला ती कायम कालव्यासारखी वाटत आली आहे. क्रिस्टल हे धरण, वाटेत भागाकार करणारे डिव्हायडर, दोन प्रवाहांतून एक निवडणारे मक्स, आणि प्रत्येक शेताच्या तोंडाशी एक गेट. आपल्याकडे कालव्याच्या पाण्याच्या पाळीला 'आवर्तन' म्हणतात आणि तालाच्या एका फेरीलाही 'आवर्तन'च म्हणतात. या विषयासाठी इतका चपखल शब्द मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडलेला नाही.

पुढे जाण्याआधी एक गोंधळ निस्तरायला हवा, कारण नवखा वाचक हमखास त्यात अडकतो. कर्नलमध्ये 'क्लॉक' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक म्हणजे किती वाजले ते सांगणारं यंत्र: मोजत राहणारा एखादा काउंटर, ज्याच्या आधारे कर्नल वेळ ठेवतो. लिनक्समध्ये त्याला क्लॉकसोर्स म्हणतात. जॉन स्टल्ट्झ यांच्या कामातून २००६ च्या सुमाराला ती चौकट आली आणि थॉमस ग्लाइक्सनर व इंगो मोल्नार यांच्या टायमरवरच्या कामाने २००७ पर्यंत तिला जोड मिळाली. दुसरी गोष्ट म्हणजे हार्डवेअरला चालतं ठेवणारा ठोका, ज्याच्याशिवाय काउंटर मोजणार नाही, सिरियल पोर्ट बोलणार नाही, मेमरी आठवणार नाही. पहिलं घड्याळ आहे, दुसरी लय आहे. हे पुस्तक दुसऱ्याबद्दल आहे. दोघांचा संबंध मात्र जवळचा. वेळ मोजणाऱ्या टायमरलाही ठोका लागतोच, तोही कर्नल पुरता जागा होण्याआधी, आणि त्यामुळे क्लॉकचे काही ड्रायव्हर इतर सगळ्यांच्या आधी उठवावे लागतात. या कोंबडी-अंड्याच्या प्रकरणाने अनेकांच्या रात्री खाल्ल्या आहेत.

ठोक्याचा इतिहास कर्नलपेक्षा बराच जुना. क्वार्ट्झवर दाब दिला की त्यात विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. या गुणधर्मावर चालणारं पहिलं क्वार्ट्झ घड्याळ बेल लॅब्समध्ये वॉरन मॅरिसन यांनी १९२७ मध्ये उभं केलं. क्रिस्टल अचूक असतो, पण एककल्ली. घडवला असेल तोच सूर देतो. मनगटी घड्याळातला सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, कारण ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात, सलग पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो. चिपला मात्र एकाच वेळी अनेक वेग हवे असतात, तेही क्रिस्टलपेक्षा कितीतरी जास्त. तिथे फेज-लॉक्ड लूप म्हणजे पीएलएल कामाला येतो. फ्रान्सच्या आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये रेडिओसाठी मांडलेली ही कल्पना. वेगाने डोलणारा पण बेभरवशाचा एक ऑसिलेटर घ्यायचा, त्याचा वेग भागून क्रिस्टलशेजारी ठेवायचा, आणि दोघांच्या पावलांत फरक दिसला की ऑसिलेटरला थोडं पुढे-मागे ढकलायचं. काही क्षणांत दोघे पाऊल जुळवून चालू लागतात. याला लॉक होणं म्हणतात. ते 'काही क्षण' पुढे फार महत्त्वाचे ठरणार आहेत.

क्लॉकची एक निवड किती काळ पुरून उरते, याचं माझं आवडतं उदाहरण १९८१ च्या आयबीएम पीसीचं. त्यात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता. हा विचित्र आकडा आला अमेरिकन रंगीत टीव्हीतून. तिथल्या रंगाच्या संकेताची वारंवारता ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ, तिच्या चौपट हा क्रिस्टल. पीसीचं चित्र घरच्या टीव्हीवर दिसावं आणि एकाच क्रिस्टलमध्ये काम भागावं, हा हेतू. तो तीनने भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झ दिले. बाराने भागून टायमरला ११,९३,१८२ हर्ट्झ दिले. टायमरचा काउंटर सोळा बिटांचा असल्याने तो सेकंदाला १८.२ वेळा भरून वाहू लागला, आणि डॉसच्या काळात ज्यांनी खेळ लिहिले त्यांना हा १८.२ पाठच होता. रंगीत सीआरटी टीव्ही भंगारात गेले, पण पीसीच्या पॉवर मॅनेजमेंट टायमरची वारंवारता अजून ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच आहे.

पीसीच्या दुनियेत पुढे एक सोय झाली. ठोक्यांची सगळी जुळवाजुळव मदरबोर्डवर आणि फर्मवेअरमध्ये दडली आणि ऑपरेटिंग सिस्टिमने तिकडे पाहण्याची गरज जवळपास उरली नाही. एम्बेडेड जगात उलट झालं. फोनच्या बॅटरीने प्रत्येक ठोक्याचा हिशेब मागायला सुरुवात केली. चिपमध्ये चालू-बंद होण्यात खर्च होणारी शक्ती साधारणपणे धारकता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता शून्य केली, म्हणजे ठोकाच थांबवला, तर हा खर्च थांबतो. ती कमी केली तर व्होल्टेजही उतरवता येतं, आणि वर्गामुळे फायदा दुणावतो. त्यामुळे ज्या भागाला काम नाही त्याचा ठोका लगेच तोडायचा, हा चिप बनवणाऱ्यांचा धर्म झाला. आणि ते तोडण्याचं काम ड्रायव्हरच्या गळ्यात पडलं, कारण काम आहे की नाही हे त्यालाच ठाऊक.

लिनक्सने यासाठी आधी फक्त बोलण्याची भाषा ठरवली. २००४ च्या सुमाराला एआरएमच्या बाजूने एक छोटी हेडर फाइल आली. क्लॉक मागा, चालू करा, वेग विचारा, वेग ठरवा, बंद करा, परत करा. मागणाऱ्याने काय म्हणायचं एवढंच तिच्यात होतं, देणाऱ्याने आत काय करायचं यावर ती गप्प होती. परिणामी प्रत्येक चिपघराण्याने आपापली अंमलबजावणी लिहिली. टीआयची एक, सॅमसंगची दुसरी, फ्रीस्केलची तिसरी, आणि सगळ्यांत क्लॉकच्या मूळ रचनेचं नाव एकच असल्याने दोन घराण्यांचा कोड एका कर्नलमध्ये नांदूच शकत नव्हता. प्रत्येक गावाने कालव्याचे कायदे वेगळे करावेत आणि सगळ्यांनी आपल्या पाटकऱ्याला, म्हणजे पाणी वाटणाऱ्याला, 'पाटील' हेच नाव द्यावं, तसं झालं.

मार्च २०११ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एआरएमच्या या पसाऱ्यावर जाहीरपणे राग काढला. त्यांच्या शब्दांची चर्चा पुष्कळ झाली, ते इथे छापण्याजोगे नाहीत. पण त्या रागातून साफसफाईला जोर आला. जेरेमी कर हे आधीपासूनच क्लॉकची सामाईक रचना मांडत होते. ते काम पुढे माइक टर्केट यांनी तडीस नेलं आणि मे २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.४ मध्ये 'कॉमन क्लॉक फ्रेमवर्क' दाखल झालं. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ३.७ पासून वेगवेगळ्या एआरएम चिपांसाठी एकच कर्नल बांधता येऊ लागला. दोन घटना शेजारीशेजारी आल्या हा योगायोग नव्हे. पहिलीशिवाय दुसरी कठीण होती.

या फ्रेमवर्कमधला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा निर्णय म्हणजे 'चालू करणे' याचे केलेले दोन तुकडे. पीएलएलला पाऊल जुळवायला वेळ लागतो. काही क्लॉक तर चिपच्या बाहेर, आयटूसीच्या दोन तारांपलीकडच्या वेगळ्या चिपमध्ये असतात, आणि तिथे निरोप पोहोचवायचा तर वाट पाहणं आलं. उलट एखाद्या ड्रायव्हरला इंटरप्ट हाताळत असतानाच ठोका चालू करायचा असतो आणि तिथे थांबणं, झोपणं निषिद्ध. म्हणून 'प्रिपेअर' आणि 'एनेबल' वेगळे झाले. पहिल्यात झोपायला परवानगी, दुसऱ्यात नाही. पहिल्याला म्युटेक्स, दुसऱ्याला स्पिनलॉक. नवे लोक दोन्ही एकाच दमात बोलावणारी सोयीची हाक वापरतात आणि तुकडे का केले हे कधीच शोधत नाहीत. तिसऱ्या प्रकरणात मी त्यांना ते मुद्दाम वेगवेगळे लिहायला लावलं आहे. जाच वाटेल, वाटू दे.

आणि मग मोजणी. प्रत्येक गेटपाशी किती जणांनी मागणी केली याचा आकडा कर्नल ठेवतो. पहिल्या मागणीला दार उघडतं, वरचीही सगळी दारं उघडत जातात. शेवटच्या माणसाने परत केलं की मगच बंद होतं. कोणी कोणाचा वाफा कोरडा पाडू शकत नाही. मात्र एक अट: ज्याला पाणी हवं त्याने मागितलं पाहिजे.

ही अट मी स्वतः कशी शिकलो ते सांगतो. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही एक बोर्ड बनवला होता. नेटवर्कचा ड्रायव्हर माझा. ऑफिसात तीन महिने निर्धोक चालला. ग्राहकाकडे पहिली खेप गेली आणि प्रत्येक बोर्ड सुरू होता होता गोठू लागला. त्रुटीचा संदेश नाही, काही नाही, सिरियलवर शेवटची ओळ अर्धवट. चार दिवसांनी उलगडा झाला. ऑफिसात आम्ही कर्नल नेटवर्कवरून चढवत होतो, त्यामुळे बूटलोडरने नेटवर्कचा ठोका आधीच चालू केलेला असे. शिवाय कोणीतरी कधीतरी कर्नलच्या सूचनांमध्ये 'वापरात नसलेली क्लॉक बंद करू नकोस' असा शब्द टाकून ठेवला होता. ग्राहकाकडे बोर्ड स्वतःच्या फ्लॅशवरून उठत होता. बूटलोडरने नेटवर्ककडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझा ड्रायव्हर ठोका नसलेल्या रजिस्टरला हात लावत होता, आणि त्या चिपवर तसं केलं की बस उत्तराची वाट पाहत जागीच थिजते. मी क्लॉक मागितलंच नव्हतं. तीन महिने माझा ड्रायव्हर बूटलोडरच्या उपकारावर जगत होता. दुरुस्ती चार ओळींची होती. त्या चार दिवसांत व्यवस्थापकांनी ऐकवलेल्या ओळी त्याहून पुष्कळ.

तो सूचनेतला शब्द का असतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. कर्नल उठताना बूटलोडरने चालू ठेवलेली अनेक क्लॉक त्याला वारशात मिळतात. ती तशीच ठेवली तर वीज वाया. म्हणून उठण्याच्या शेवटच्या टप्प्यावर कर्नल फेरी मारतो आणि ज्यांच्यावर कोणाचा दावा नाही ती बंद करतो. शहाणी गृहिणी झोपण्यापूर्वी घरभर फिरून दिवे मालवते तसं. पण एखाद्या खोलीत कोणी अंधारात न बोलता बसलेलं असेल तर? ऑलविनर चिपांवर बूटलोडरने लावलेलं चित्र पडद्यावर तसंच ठेवणाऱ्या साध्या ड्रायव्हरची हीच गत झाली. त्याला क्लॉक मागण्याची सोयच नव्हती, कर्नलने फेरी मारली की पडदा काळा. २०१४ मध्ये यावर बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी त्या ड्रायव्हरलाही क्लॉक मागण्याचा मार्ग मिळाला. मेमरीच्या ठोक्यासारखी काही क्लॉक तर कोणत्याही परिस्थितीत तोडायची नाहीत, त्यांच्यावर तशी खूण करावी लागते. आणि जे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून या फेरीनंतर येतात त्यांचं काय, हा वाद मी हे लिहीत असतानाही मिटलेला नाही.

बंद करण्याइतकाच नाजूक प्रश्न वेग बदलण्याचा. इथे मोजणी कामाला येत नाही, कारण दोघांना एकाच चारीतून वेगवेगळा प्रवाह हवा असतो. आवाजाच्या जगात दोन घराणी आहेत: सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झचं आणि व्हिडिओबरोबर येणारं ४८ चं. पहिल्याला २२.५७९२ मेगाहर्ट्झसारखा मूळ ठोका लागतो, दुसऱ्याला २४.५७६. दोन्ही २४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलमधून काढायचे तर अपूर्णांकी गुणाकार करणारा पीएलएल हवा, आणि असा पीएलएल चिपवर एकच असला तर स्पीकर आणि मायक्रोफोन यांचं भांडण ठरलेलं. एकाने वरच्या पीएलएलचा वेग बदलायला सांगितला की दुसऱ्याचा सूर गाणं चालू असतानाच ढळतो. फ्रेमवर्कने यासाठी हळूहळू नियम जमवले. वेगबदलाची मागणी वरपर्यंत जाऊ द्यायची की नाही, बदलाआधी शेजाऱ्यांना कळवायचं आणि त्यांना नकाराधिकार द्यायचा, वेगावर तात्पुरता एकाधिकार मागू द्यायचा. पण मुळात कोण मागतंय हेच बराच काळ कर्नलला कळत नव्हतं, कारण सगळ्या मागणाऱ्यांच्या हातात एकाच क्लॉकचा तोच पॉइंटर असे. २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून प्रत्येकाला स्वतःची वेगळी पावती मिळू लागली. माझ्या मते फ्रेमवर्क खऱ्या अर्थाने प्रौढ झालं ते तेव्हा.

मागणारे सगळे कर्नलमध्येच असतील असंही नाही. २०१६ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ३ वर चांगला सिरियल पोर्ट ब्लूटूथला दिला गेला आणि कन्सोलच्या वाट्याला 'मिनी यूएआरटी' आला. त्याचा वेग चिपच्या मुख्य कोअर क्लॉकमधून निघतो. तो २५० मेगाहर्ट्झ असताना भाजक २७१ आणि पुढे ८, म्हणजे सुमारे १,१५,३१४ बॉड, १,१५,२०० च्या अगदी जवळ. पण ते कोअर क्लॉक लिनक्सच्या ताब्यात नाही, व्हिडिओकोअर नावाच्या दुसऱ्या प्रोसेसरवरचं फर्मवेअर ते चालवतं. काम वाढलं की फर्मवेअर त्याला ४०० वर नेतं, भाजक तोच राहतो आणि वेग १,८४,५०० च्या पुढे जातो. पडद्यावर पुन्हा तोच कचरा, जो ८०५१ वर १२ चा क्रिस्टल लावल्यावर दिसला होता. कन्सोल चालू करण्याची खूण केली की फर्मवेअर कोअर क्लॉक बांधून ठेवतं ते यासाठी.

या उदाहरणात क्लॉकच्या विचारपंथांची टक्कर दिसते, तेव्हा पंथांबद्दल थोडं. मायक्रोकंट्रोलरवाले बहुधा अजून डबीच्याच पंथाचे. वृक्ष एकदा आखायचा, सुरुवातीला रजिस्टरं भरायची आणि मग हात लावायचा नाही. झेफरसारख्या छोट्या सिस्टिममध्ये क्लॉकसाठी पातळ चौकट आहे, पण स्वभाव तोच. पीसीवाल्यांचं सगळं फर्मवेअरच्या पडद्याआड. लिनक्सच्या एआरएम परंपरेचा आग्रह मात्र असा, की संपूर्ण वृक्ष कर्नलला दिसला पाहिजे, म्हणजे निर्णय डोळसपणे घेता येतील. फ्रीबीएसडीनेही याच धर्तीची आपली चौकट उभारली. या परंपरेतही पोटपंथ आहेत. टीआयने डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअर सांगणाऱ्या फाइलमध्ये, एकेक डिव्हायडर, एकेक मक्स वेगळा मांडला. क्वालकॉम, रॉकचिप वगैरेंनी सगळा वृक्ष एका कंट्रोलरच्या पोटात ठेवला आणि बाहेर फक्त क्रमांक दिले. ऑलविनरचा कोड पहिल्या पंथातून दुसऱ्यात गेला. मला दुसरा पंथ पटतो. हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये अंमलबजावणीची हाडं दिसू नयेत. पण टीआयच्या मांडणीत वाचून वृक्ष समजतो हे तिचं पुण्य नाकारता येत नाही, आणि शिकवताना मी अजून तीच उघडतो.

तिसरा पोटपंथ गेल्या दशकात वाढला आणि त्याने मूळ प्रश्नच पालटला. चिपवर एक वेगळा छोटा प्रोसेसर ठेवायचा, क्लॉकची रजिस्टरं फक्त त्याच्या हाती द्यायची आणि कर्नलने त्याला निरोप पाठवायचा: 'अमुक क्लॉक चालू कर', 'तमुक वेग दे'. एआरएमने यासाठी एससीएमआय हा ठराव केला. एनव्हिडियाच्या टेग्रा १८६ पासून बीपीएमपी, टीआयच्या नव्या चिपांत त्यांचं स्वतःचं फर्मवेअर, ही त्याच कुळातली. कर्नल आता पाटकरी राहिला नाही, तोही एक शेतकरी झाला. कर्नलवाल्यांना हे आवडत नाही, कारण फर्मवेअर बंदिस्त असतं आणि त्यात चूक असली तर रडत बसण्यापलीकडे काही करता येत नाही.

पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं २०१७ मध्ये जोरात ऐकू आलं. कोलंबिया विद्यापीठाच्या एड्रियन टँग, सिंहा सेतुमाधवन आणि साल्व्हाटोर स्टॉल्फो यांनी 'क्लॉकस्क्रू' नावाचा हल्ला मांडला. नेक्सस ६ फोनच्या कर्नलमधून त्यांनी प्रोसेसरची वारंवारता आणि व्होल्टेज मुद्दाम सोसणार नाहीत अशा जोडीवर नेली, ट्रस्टझोनमधल्या सुरक्षित भागाची गणितं नेमक्या क्षणी चुकवली आणि तिथली गुप्त किल्ली बाहेर काढली. त्यासाठी सोल्डरिंग आयर्न लागलं नाही की प्रोब लागला नाही, ड्रायव्हरला असलेले अधिकार पुरले. ठोका हाती असलेला माणूस फक्त दार उघड-बंद करत नाही, तो शेजारच्या कुलूपबंद खोलीतल्या माणसाच्या हिशेबात चुका घुसवू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. त्यानंतर 'हे अधिकार कर्नलला असावेतच का' या प्रश्नाकडे कोणी हसून पाहत नाही.

मराठीत हे पुस्तक आत्ताच का? एक कारण अगदी घरगुती आहे. पुण्यात, आणि इथून बंगळुरूला किंवा म्युनिकला गेलेल्या आपल्या मुलामुलींत, बोर्ड उठवण्याचं काम करणारे पुष्कळ आहेत. ते एकमेकांशी हे सगळं मराठीतच बोलतात: 'अरे, त्याचं पॅरेंट क्लॉकच चालू नाहीये.' बोलीत विषय आहे, छापील मराठीत मात्र जवळपास नाही. दुसरं कारण असं, की मद्रास आयआयटीचा शक्ती, सी-डॅकचा वेगा असे रिस्क-फाइव्ह प्रोसेसर आपल्या देशात आखले जात आहेत. दुसऱ्याची चिप घेतली तर क्लॉकचा ड्रायव्हर बहुधा आयता मिळतो. स्वतःची चिप केली की तो स्वतःच लिहावा लागतो, आणि लिनक्स उठवताना पहिल्या काही दिवसांतच लिहावा लागतो. तो वाईट लिहिला तर वर कितीही चांगला कोड चढवा, सिरियलवर कचराच दिसणार.

या पुस्तकात मी एकच काल्पनिक चिप घेतली आहे आणि तिचा क्लॉक ड्रायव्हर शून्यापासून वाढवत नेला आहे. एक स्थिर क्रिस्टल, मग एक गेट, मग डिव्हायडर, मक्स, पीएलएल. वाचक आधी मागणाऱ्याच्या बाजूने येतो आणि मग देणाऱ्याच्या. बहुतेक दस्तऐवज उलट चालतात, पण ज्याने कधी पाण्यासाठी रांग लावली नाही त्याने पाटकरी होऊ नये असं माझं मत आहे. पॉवर डोमेन, व्होल्टेज रेग्युलेटर आणि प्रोसेसरचा वेग बदलणारी यंत्रणा यांना मी फक्त वेशीपर्यंत सोबत केली आहे. रस्टमध्ये ड्रायव्हर लिहिण्याबद्दल एकही प्रकरण नाही. ती जमीन अजून हलते आहे आणि छापील पुस्तकाने हलत्या जमिनीवर घर बांधू नये.

परिभाषेबद्दल एक खुलासा. 'क्लॉक'ला घड्याळ म्हटलं असतं तर गोंधळ वाढला असता. 'कालस्पंदक' लिहून पाहिलं, पण पहिल्या वाचक मित्राने ते मोठ्याने वाचलं आणि आम्ही दोघेही हसलो. त्यामुळे क्लॉक, गेट, पॅरेंट हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. अपवाद एकच. ज्या क्लॉकचा पॅरेंट अजून नोंदला गेलेला नाही त्याला कर्नल ऑर्फन म्हणतो. त्याला मी सरळ 'पोरकं' म्हटलं आहे, कारण शिकवताना मुलं आपसूक तेच म्हणू लागली.

पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी एवढं करा. हाताशी असेल तो बोर्ड चालू करा, सिरियल जोडा, रूट म्हणून आत जा, डीबगएफएस माउंट करा आणि त्यातल्या क्लॉकच्या फोल्डरमधली सारांशाची फाइल छापून घ्या. शे-दोनशे ओळी निघतील. डावीकडे नाव, मग किती जणांनी चालू केलं आणि किती जणांनी तयार ठेवलं त्याचे आकडे, मग वेग. मोजणी शून्य असलेल्या ओळींवर पेन्सिलने खूण करा आणि ज्यांच्या नावावरून काहीच बोध होत नाही त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह घाला. तो कागद पुस्तकातच ठेवा, चौथ्या प्रकरणात लागेल.